'द डार्क नाइट' कुणाला कसा दिसला?

(नालासोपारा येथे युवक-युवतींच्या चित्रपट चर्चागटात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेल्या रविवारी आपण सगळ्यांनी मिळून 'द डार्क नाइट' पाहिला. सिनेमा अडीच तासांचा होता आणि त्यावरचं भांडण त्याहून जास्त वेळ चाललं. शेवटी हॉलचे चाचा किल्ल्या वाजवत दारात उभे राहिले, तेव्हा कुठे आपण उठलो. निघताना तुमच्यातल्याच काहींनी मला सांगितलं, 'आपा, पुढच्या वेळी तुम्हीच बोला, कोण बरोबर ते सांगा.' बोलायला मी आले आहे. कोण बरोबर याचा निकाल मात्र मी देणार नाही. त्या दिवशी जी मतं मांडली गेली ती एकेक करून समोर ठेवते आणि त्या मतांमागे काय आहे ते पाहू.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रिस्टोफर नोलन या दिग्दर्शकाचा हा सिनेमा जुलै २००८ मध्ये आला. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'चा हा पुढचा भाग. गॉथम नावाचं गुन्हेगारीने पोखरलेलं शहर. रात्री मुखवटा घालून गुंडांना ठोकणारा बॅटमॅन, सरळमार्गी पोलीस अधिकारी गॉर्डन, लोकांचा लाडका सरकारी वकील हार्वे डेंट, आणि या तिघांची घडी विस्कटून टाकणारा जोकर. जोकरची भूमिका करणारा हीथ लेजर सिनेमा येण्याआधीच, जानेवारी २००८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं.

आता मतं.

पहिलं मत मागच्या बाकांवरून आलं आणि टाळ्यांसकट आलं: जोकरच खरा हिरो. 'तो एकटाच खरं बोलतो, बाकी सगळे ढोंगी.' दुसरं मत त्याच्या बरोबर उलट: बॅटमॅनच हवा, आपल्या शहरालाही असाच माणूस हवा, कोर्टकचेऱ्यांनी काही होत नाही. तिसरं मत एका मुलीचं: 'रेचेलला मारलं कशासाठी? दोन पुरुषांना राग यावा म्हणून?' या प्रश्नावर एक क्षण सगळे गप्प झाले आणि लगेच विषय बदलला. तो विषय बदलायला नको होता, कारण तिचं बरोबर आहे. अख्ख्या सिनेमात रेचेल ही एकच मोठी स्त्रीभूमिका आहे आणि तिचं मरण म्हणजे दुसऱ्यांच्या गोष्टीतलं वळण. चौथं मत होतं की सिनेमा लांब आहे, अंधारा आहे, डोकं दुखलं. हेही मतच आहे, त्याला हसू नका. आणि पाचवं मत शेवटाबद्दलचं: लोकांच्या भल्यासाठी खोटं बोललेलं चालतं की नाही. त्यावर तर दोन तट पडले.

हे फक्त नालासोपाऱ्यात झालं असं समजू नका. सिनेमा आला त्याच महिन्यात अमेरिकेत 'वॉल स्ट्रीट जर्नल' या मोठ्या दैनिकात अँड्र्यू क्लेवन नावाच्या लेखकाने लिहिलं की हा सिनेमा म्हणजे राष्ट्राध्यक्ष बुश यांचं कौतुकच आहे. दहशतीशी लढणारा माणूस लोकांच्या शिव्या खातो, पण मागे हटत नाही, असा त्याचा अर्थ. त्याला तिथल्याच अनेकांनी उत्तर दिलं: अहो, या सिनेमात कायदा मोडून केलेली प्रत्येक गोष्ट शेवटी अंगलट येते, हे तुम्हाला दिसलं नाही का? म्हणजे सिनेमा एक, पडदा एक, आणि एकाला ती स्तुती वाटली, दुसऱ्याला टीका.

असं का होतं? माझं म्हणणं असं, की आपण सिनेमा पाहताना त्यात आपलं शहर पाहतो. ज्याच्या घरी चोरी झाली आहे त्याला बॅटमॅन हवासा वाटतो. ज्याला रात्री नाक्यावर उगाच थांबवून नाव विचारलं जातं, त्याला पोलिसांची टोपी उडवणारा जोकर हवासा वाटतो. दोघांपैकी कुणीही मूर्ख नाही. मात्र 'मला काय वाटलं' आणि 'पडद्यावर काय होतं' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. त्यासाठी सिनेमातले चार प्रसंग मी पुन्हा तुमच्यासमोर ठेवते. आपल्या चर्चेत त्यातल्या काहींचा उल्लेखच झाला नाही.

पहिला प्रसंग: मारहाणीचा. जोकर पोलीस कोठडीत आहे. रेचेल आणि डेंट यांना त्याच्या माणसांनी पळवून दोन ठिकाणी स्फोटकांत बांधून ठेवलं आहे. बॅटमॅन कोठडीत शिरतो आणि जोकरला भिंतीवर आपटतो, बुक्क्यांनी मारतो. तुम्ही इथे शिट्ट्या वाजवल्या होत्या. जोकर पत्ते सांगतो, पण अदलाबदल करून. बॅटमॅन रेचेलला वाचवायला धावतो आणि त्याच्या हाती लागतो डेंट. रेचेल मरते. मारून मिळालेली माहिती खोटी निघाली आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवल्यामुळे एक जीव गेला. त्याआधी आणखी एक छोटा प्रसंग आहे. डेंट जोकरच्या एका साथीदाराला बांधून त्याच्या कपाळावर पिस्तूल टेकवतो. तो साथीदार मनोरुग्ण असतो, त्याला काहीच ठाऊक नसतं. तिथे बॅटमॅन स्वतःच डेंटला अडवतो. म्हणजे जे दुसऱ्याला करू दिलं नाही ते पुढे स्वतः केलं.

हा प्रसंग आपल्यासाठी पडद्यापुरता नाही. आपण सगळे पश्चिम रेल्वेची माणसं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी याच मार्गावर, माटुंग्यापासून मीरा रोड-भाईंदरपर्यंत, लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. कामावरून घरी परतणारी माणसं होती ती. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते, पण घरी विचारा. त्या रात्री कोण किती वाजता घरी आलं, कोण रुळांवरून चालत आलं, हे वसई-विरारमधल्या घराघरांत अजून सांगतात.

त्या खटल्यात मोक्का लावला गेला, म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. आपल्याकडच्या साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या काळापासूनचा हा नियम आहे आणि त्यामागे अनुभव आहे. मोक्काचं कलम १८ याला अपवाद करतं. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब तिथे चालतो. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. एक जण, अब्दुल वाहिद शेख नावाचे शिक्षक, नऊ वर्षांनी निर्दोष सुटले. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या सर्व बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला, असं न्यायालयाने म्हटलं. कबुलीजबाब ग्राह्य धरले नाहीत. ते मिळवण्यासाठी छळ झाल्याचं आरोपींचं म्हणणं मान्य केलं. त्या बारांपैकी एकाचा २०२१ मध्ये कैदेतच मृत्यू झाला होता. राज्य सरकार अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत आदेश दिला की या निकालाचा आधार दुसऱ्या खटल्यांत घेता येणार नाही, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागणार नाही.

आता दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवा. एक, तरुण वयात आत गेलेली माणसं १९ वर्षांनी बाहेर आली. दोन, ज्यांच्या घरातलं माणूस त्या लोकलमधून परतलंच नाही, त्यांना १९ वर्षांनीही उत्तर मिळालेलं नाही. पहिली गोष्ट बोलून दुसरी विसरणारा माणूस मला अर्धवट वाटतो, आणि दुसरी बोलून पहिली विसरणाराही. सिनेमा हेच दाखवतो. कोठडीतल्या बुक्क्यांनी जोकरचं काही बिघडलं नाही. रेचेल मात्र गेली.

दुसरा प्रसंग: मोबाइलचा. जोकरला शोधण्यासाठी बॅटमॅन शहरातल्या प्रत्येक माणसाचा फोन गुपचूप टेहळणीचं यंत्र बनवतो. त्याचा जुना सहकारी ल्युशियस फॉक्स म्हणतो, एवढी सत्ता एका माणसाच्या हाती असणं चूक आहे. या एका वेळेपुरती मदत करीन, पण यंत्र इथे राहिलं तर मी राहणार नाही. इथे प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे की सिनेमात ते यंत्र काम करतं, जोकर सापडतो. म्हणून 'बघा, टेहळणी लागतेच' म्हणणाऱ्या मुलाचा मुद्दा हवेतला नव्हता. पण काम झाल्यावर ते यंत्र नष्ट होतं, हेही त्याच सिनेमात आहे. आता आपल्या शहरातला कॅमेरा, आपला फोन, आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारे फोटो, यातलं कुठलं यंत्र काम झाल्यावर कुणी बंद करतं? बॅटमॅनजवळ फॉक्स होता. आपल्याकडे फॉक्सचं काम कोण करणार? न्यायालय, पत्रकार, विधानसभा, आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणारा साधा नागरिक. म्हणजे तुम्हीसुद्धा.

तिसरा प्रसंग तर आपल्यापैकी एकानेही काढला नाही आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. शेवटाकडे जोकर एका उंच, अर्धवट बांधलेल्या इमारतीत ओलिसांना ठेवतो. पोलिसांच्या बंदुका त्या इमारतीवर रोखलेल्या आहेत. काचेतून विदूषकाचे मुखवटे घातलेली, हातात बंदुका असलेली माणसं दिसतात, आणि त्यांच्या बाजूला डॉक्टरांचे पांढरे कोट घातलेली माणसं. कुणाला मारायचं हे उघडच आहे, नाही का? पण जोकरने वेष बदलले आहेत. मुखवटेवाले हे ओलीस आहेत, त्यांच्या हातांना बंदुका चिकटपट्टीने बांधल्या आहेत. पांढरे कोटवाले हे त्याचे गुंड. गोळीबाराची वेळ झालेली असते आणि बॅटमॅनला गुंडांआधी पोलिसांना अडवावं लागतं.

दाढी, टोपी, बुरखा, नाव, मोहल्ला या गोष्टींवरून माणूस ओळखल्याचा दावा केला जातो, तेव्हा मला त्या इमारतीची काच आठवते. पण हा प्रसंग आपल्या बाजूने वळवून तिथेच थांबू नका. आपणही काचेतूनच पाहतो. टिळा लावलेला प्रत्येक जण आपल्या विरोधात आहे, खाकी वर्दीतला प्रत्येक जण वाईट आहे, असं आपल्यातला कुणी म्हणतो तेव्हा तोही कपड्यावरच नेम धरत असतो. याच वसईत आगरी, कोळी, वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती, कोकणी मुसलमान, उत्तरेतून आलेला कामगार असे सगळे एकाच बाजारात भाजी घेतात. इथे कपड्यावरून निर्णय घ्यायचा म्हटलं तर रोजचा बाजारही चालणार नाही.

चौथा प्रसंग: दोन बोटींचा. एका बोटीत तुरुंगातले कैदी, दुसरीत साधे नागरिक. दोन्हींत स्फोटकं भरलेली आणि प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याची बोट उडवायचं बटण. मध्यरात्रीपर्यंत कुणी ते दाबलं नाही, तर जोकर दोन्ही उडवणार. नागरिकांच्या बोटीवर मतदान होतं आणि बहुमत निघतं 'उडवा' या बाजूने. रीतसर चिठ्ठ्या टाकून, मोजणी करून. पण बटण दाबायला कुणी धजावत नाही. कैद्यांच्या बोटीवर एक धिप्पाड कैदी उठतो, बटण मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो.

हा प्रसंग समजायला विरारकरांना फार कष्ट पडू नयेत. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये बोरिवलीला उतरणारा माणूस चुकून चढला तर डब्याचं बहुमत त्याच्याबद्दल काय ठरवतं ते आपल्याला माहीत आहे. (हशा) हसा, पण विचार करा. त्या डब्यातला कुणीच वाईट माणूस नसतो. दिवसभर दमलेला असतो, जागा कमी असते, आणि 'आपण' व 'ते' हे दोन शब्द तेवढ्यात तयार होतात. बहुमताने ठरलेली गोष्ट न्यायाची असतेच असं नाही. आणि ज्याला आपण गुन्हेगारांच्या बोटीत बसवलं आहे, त्याच्यात आपल्यापेक्षा जास्त माणुसकी असू शकते.

आता मागच्या बाकांकडे वळते, जोकरवाल्यांकडे. तुमचं म्हणणं मला कळतं. ज्याला सगळे बाहेरचा म्हणतात, त्याला बाहेरून येऊन सगळं पेटवून देणारा माणूस आकर्षक वाटतो. लेजरचा अभिनय तर असा की नजर हलत नाही. पण एक बारीक गोष्ट पाहा. तोंडावरच्या जखमांची कहाणी जोकर सिनेमात दोनदा सांगतो. एकदा बापाने केल्या म्हणतो, एकदा बायकोसाठी स्वतः केल्या म्हणतो. माणूस बदलला की कहाणी बदलते. अन्याय हे त्याच्यासाठी समोरच्याला घाबरवायचं हत्यार आहे. ज्याच्यावर खरोखर अन्याय होतो त्याला असं करून चालत नाही. त्याला तीच हकिकत, त्याच तारखांसह, पुन्हा पुन्हा सांगावी लागते, पोलीस ठाण्यात, वकिलाकडे, कोर्टात, आणि कागद जपून ठेवावे लागतात. वाहिद शेख यांनी तुरुंगात कायद्याचा अभ्यास केला आणि 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्यावर 'हिमोलिम्फ' नावाचा सिनेमाही २०२२ मध्ये आला. एकाने शहर पेटवलं, दुसऱ्याने कागद वाचले. भिंतीवर पोस्टर कुणाचं लावायचं ते तुम्ही ठरवा, पण फरक पाहून ठरवा.

आणि बॅटमॅनवाल्यांना एवढंच विचारते. आपल्या मुंबईनेही 'अब तक छप्पन' पाहिला, 'सिंघम' पाहिला. वर्दीतला माणूस जागेवर निकाल लावतो आणि थिएटरमध्ये टाळ्या पडतात. त्या टाळ्या वाजवताना आपण स्वतःला कायम बंदुकीच्या मागच्या बाजूला उभं धरतो. पुढच्या बाजूला आपला भाऊ चुकून उभा असेल तर? तेव्हा तुम्हाला बॅटमॅन हवा असेल की वकील?

शेवटचा वाद खोटेपणाचा. लाडका वकील डेंट रेचेलच्या मृत्यूनंतर सूडाने वेडा होऊन माणसं मारतो. लोकांचा विश्वास तुटू नये म्हणून गॉर्डन आणि बॅटमॅन ते लपवतात आणि खुनांचा आळ बॅटमॅन स्वतःवर घेतो. तुमच्यातल्या अर्ध्यांना हा त्याग वाटला, अर्ध्यांना फसवणूक. मजा अशी, की नोलनने स्वतःच या वादाचं उत्तर २०१२ च्या पुढच्या भागात, 'द डार्क नाइट राइझेस'मध्ये दिलं आहे. आठ वर्षं गेली आहेत. डेंटच्या नावाने एक कडक कायदा झाला आहे आणि त्याखाली हजारेक माणसं पॅरोलशिवाय तुरुंगात आहेत. शहर शांत आहे. मग बेन नावाचा खलनायक तुरुंगासमोर उभा राहून गॉर्डनचा लपवलेला कबुलीनामा जगासमोर वाचतो. खोट्यावर उभी केलेली शांतता एका कागदाने कोसळते आणि तिच्याबरोबर कायद्यावरचा विश्वासही. पुढे तिथे जी लोकन्यायालयं भरतात, त्यांत माणूस दोषी आहे हे आधीच ठरलेलं असतं. सत्य लपवणाऱ्यांनी शहर वाचवलं नव्हतं, फक्त आठ वर्षांची मुदत घेतली होती.

आता चर्चेच्या रीतीबद्दल दोन शब्द. गेल्या रविवारी एकाने दुसऱ्याला म्हटलं, 'तुला जोकर आवडतो म्हणजे तुझं डोकं फिरलंय.' दुसरा म्हणाला, 'तुला बॅटमॅन आवडतो म्हणजे तू सरकारचा माणूस.' हे बंद करा. सिनेमाच्या आवडीवरून माणसाचा इमान किंवा देशप्रेम मोजू नका. बाहेर आपल्याबाबतीत कुणी तसं केलं तर आपल्याला किती लागतं! इख्तिलाफ, मतभेद, हा आपल्या घरातला जुना शब्द आहे. मोठमोठे इमाम एकमेकांशी असहमत होते आणि एकमेकांचा आदरही करत होते. मग एका सिनेमावरून आपली दोस्ती का तुटावी?

माझी सूचना साधी आहे. बोलायला उठलात की आधी काय पाहिलं ते सांगा, मग काय वाटलं ते सांगा. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत एकदा परत सांगा, आणि मगच खोडा. मुलींनी मांडलेला मुद्दा मध्येच तोडला जाणार नाही, हे सूत्रसंचालकाने पाहावं. आणि ज्याला सिनेमा कंटाळवाणा वाटला त्यालाही त्याची पाच मिनिटं द्या. त्याने कदाचित आपल्याला न दिसलेलं काही पाहिलं असेल.

पुढच्या रविवारी तिसरा भाग आहे. येताना प्रत्येकाने वहीत एक प्रश्न लिहून आणा. रेचेलबद्दल विचारणाऱ्या मुलीला मात्र माझी खास विनंती आहे: चर्चेची सुरुवात या वेळी तू कर. पुढच्या भागात दोन मोठ्या स्त्रीभूमिका आहेत. त्यांना स्वतःची गोष्ट मिळाली का, ते तू आम्हाला सांग.